हातात पेलणारी अँटेना: उपग्रह संपर्कासाठी प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

वही आज उघडली. पाठपिशवीत मावेल, एका हाताने धरता येईल आणि डोक्यावरून जाणाऱ्या हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) उपग्रहांशी भरवशाने बोलता येईल अशी एक अँटेना ठरवायची आहे. छतावर रोटेटर (अँटेना वळवणारी मोटर) बसवून केलेलं स्टेशन ही वेगळी गोष्ट. मला जिथे उभी असेन तिथून पाच मिनिटांत हवेत जायचंय, म्हणजे रेडिओवर बोलायला लागायचंय.

सध्या हाताशी दोन हँडी (हातात धरायचे रेडिओ) आहेत, एकावर बोलायचं आणि दुसऱ्यावर त्याच वेळी ऐकायचं. शिवाय हेडफोन, छोटा रेकॉर्डर आणि नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र). दादाने पासच्या वेळी, म्हणजे उपग्रह आकाशातून एकदा जातो त्या मिनिटांत, शेजारी उभं राहून फोनवरचे दिशा आणि उंचीचे अंश मोठ्याने वाचायचं कबूल केलंय.

संध्याकाळी एसओ-५० चा पास होता, सर्वाधिक उंची ६२ अंश. हा उपग्रह डिसेंबर २००२ मध्ये सुटला आणि अजून कामाला जुंपलेला आहे. अपलिंक (पाठवण्याची वारंवारता) १४५.८५० मेगाहर्ट्झ, सोबत उपग्रहाने आवाज स्वीकारावा म्हणून ६७ हर्ट्झचा टोन. डाउनलिंक (ऐकण्याची) ४३६.७९५. हँडीबरोबर येते ती रबरी अँटेना लावून नुसतं ऐकायला उभी राहिले. पहिली चार मिनिटं निव्वळ खरखर. उपग्रह चाळीस अंशांच्या वर आला तेव्हा खरखरीतून एक कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) अर्धामुर्धा उमटला. हँडी आडवी धरली तर आवाज एकदम मोकळा झाला, उभी केली तर पुन्हा बुडाला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद ऐकू आलं असेल. पण आडव्या-उभ्याचा तो फरक मनात रुतून बसलाय.

५ नोव्हेंबर

रात्री कागदावर हिशेब मांडला. तो आधी मांडला असता तर कालची धडपड कशी संपणार हे आधीच कळलं असतं.

उपग्रह ६५० किमी उंचीवर धरला, तर थेट डोक्यावर असताना तो ६५० किमी लांब असतो, ३० अंशांवर साधारण ११५० किमी, १० अंशांवर २०४५ किमी आणि क्षितिजावर जवळजवळ २९५० किमी. म्हणजे एकाच पासमध्ये सिग्नल १३ डीबीने (डेसिबल; १० डीबी म्हणजे शक्तीत दहापट) वरखाली होतो, आणि पासचा बराचसा वेळ उपग्रह डोक्यावर नसून खाली क्षितिजाकडेच असतो.

एसओ-५० चा ट्रान्समीटर पाव वॉटचा. १० अंशांवर असताना ४३५ मेगाहर्ट्झला वाटेत १५१ डीबी जातात. माझ्या बाजूला ०.१ मायक्रोव्होल्टच्या आसपास काहीतरी उरतं, आणि हँडीला एफएम समजेल असं ऐकायला त्याच्या दीडपट-दुप्पट लागतं. केबलमधली गळती आणि पोलरायझेशन (लहरींचं आडवं-उभं प्रतल) न जुळण्याचा तोटा वेगळाच. तेव्हा ७० सेंमी बँडवर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) ८ ते १० डीबी गेन, म्हणजे अँटेनाने एका दिशेला दिलेली वाढ, हवीच.

मग उलट बाजू पाहिली. माझे ५ वॉट आणि त्याचा पाव वॉट, हा १३ डीबीचा फरक. शिवाय १४५ वर वाटेतला तोटा ४३५ पेक्षा साडेनऊ डीबी कमी. अपलिंकच्या पदरात डाउनलिंकपेक्षा बावीस डीबी जास्त! म्हणजे २ मीटर (१४५ मेगाहर्ट्झच्या) बाजूला साधी अँटेनाही चालून जाईल. सगळी मेहनत ऐकण्याच्या अँटेनावर घालायची. प्रत्यक्षात माझ्यासह बहुतेक नवशिक्यांचा पहिला प्रश्न 'किती वॉट लागतील?' हाच असतो.

८ नोव्हेंबर

लांब होणारी टेलिस्कोपिक अँटेना लावून पाहिली, पूर्ण उघडल्यावर मीटरभर. २ मीटर बँडवर ती अर्ध्या तरंगलांबीची होते. ७० सेंमीवर तीच दीड तरंगलांबी होते आणि तिची दिशा पाकळ्यांसारखी फुटते. ७० सेंमीसाठी ती १७ सेंमीवर आणली तेव्हा साधारण २५ अंशांच्या वर वाक्यं समजली. खिशात मावते ही तिची जमेची बाजू. आणीबाणीसाठी पिशवीत राहील, मुख्य अँटेना म्हणून नाही.

११ नोव्हेंबर

विचारात घेतलेले पर्याय:

एकाच बूमवर (दांड्यावर) काटकोनात बसवलेल्या दोन यागी, म्हणजे एका दिशेला रोखायच्या सळ्यांच्या अँटेना, २ मीटरसाठी तीन एलिमेंट (सळ्या) आणि ७० सेंमीसाठी सहा-सात. हातात धरायच्या अँटेनांमध्ये हा प्रकार सर्वात जास्त दिसतो. दुसरी लॉग-पीरिऑडिक (चढत्या लांबीच्या सळ्यांची, रुंद पट्ट्यात चालणारी), एकच केबल आणि दोन्ही बँड. तिसरी पोलादी टेपच्या पात्यांची यागी, जी घडी होते. चौथा पर्याय म्हणजे टर्नस्टाइल किंवा क्यूएफएचसारखी न वळवता चालणारी अँटेना.

चौथी आजच खोडली. तिला उपग्रहाकडे रोखावं लागत नाही खरं, पण म्हणूनच तिचा गेन सगळ्या आकाशात वाटला जातो आणि खालच्या कोनांवर नेमकी तिथेच ती कमी पडते. हवामान उपग्रहांचे १३७ मेगाहर्ट्झचे जोरकस सिग्नल घ्यायला क्यूएफएच उत्तम. पाव वॉटच्या एफएमला नाही.

१४ नोव्हेंबर

आधी फक्त ७० सेंमीची सहा एलिमेंटची यागी, लाकडी पट्टीवर, ३ मिमी जाडीच्या सळ्यांची. रिफ्लेक्टर (मागची सळी) ३४ सेंमी. डायरेक्टर (पुढच्या सळ्या) ३१.५, ३०.५, ३०.५ आणि २८ सेंमी. रिफ्लेक्टरपासूनची अंतरं अशी: ड्रिव्हन एलिमेंट (केबल जोडलेली सळी) ६.३ सेंमीवर, मग १४, २८.६, ४४.५ आणि ६१. ड्रिव्हन एलिमेंट इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवलेला आहे. केबलची जाळी लांब बाजूच्या बरोबर मधोमध जोडायची आणि मधली तार वळलेल्या टोकाला. पहिला डायरेक्टर मुद्दाम इतका जवळ ठेवलाय की फीडचा (केबलच्या जोडाचा) इम्पिडन्स आपोआप केबलच्या ५० ओहमच्या जवळ येतो. जुळवणीसाठी गॅमा मॅच नाही, ट्रिमर नाही, हलवाहलवीत ढिलं पडेल असं काहीच नाही. पोर्टेबल अँटेनाला हीच रचना मला सर्वात शहाणी वाटते.

भोकं पाडताना एक चूक झाली. तिसरं भोक दीड मिमी सरकलं, सळी तिरकी बसली. नवीन भोक पाडून जुनं लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने बुजवलं.

१५ नोव्हेंबर

व्हीएनएवर एसडब्ल्यूआरची (अँटेना आणि केबल जुळण्याचं माप, १ म्हणजे अचूक) दरी ४२८ मेगाहर्ट्झला दिसली, म्हणजे एलिमेंट किंचित लांब. टोक दोन-दोन मिमी कानशीने घासत ४३६ वर आणलं. एसडब्ल्यूआर १.३.

एक गोष्ट लगेच जाणवली. केबल हातात धरली की पडद्यावरची रेघ डुलायची, सोडली की जागेवर. म्हणजे केबलची बाहेरची जाळीसुद्धा अँटेनाचा भाग होऊन बसली होती. फीडजवळ केबलचे चार लहान वेढे घालून टायने बांधले, डुलणं थांबलं. अँटेना हातात धरायची असेल तर हे वेढे हवेतच, कारण धरणारी माणूस कायम केबलला चिकटलेलीच असणार.

१८ नोव्हेंबर

पहिली खरी चाचणी. एसओ-५०, सर्वाधिक उंची ४७ अंश.

दादाने 'आठ अंश' म्हटलं आणि त्याच क्षणी हेडफोनमध्ये माणसाचा आवाज! खरखर नव्हे, आवाज, कॉलसाइन आणि जागेच्या संकेतासकट (ग्रिड लोकेटर). मी दोन सेकंद हललेच नाही.

डॉप्लरसाठी (उपग्रहाच्या वेगामुळे सरकणाऱ्या वारंवारतेसाठी) हँडीत पाच चॅनल आधीच भरून ठेवले होते: ४३६.८०५, ८००, ७९५, ७९०, ७८५. येताना वरच्यावर, जाताना खालच्यावर. अपलिंक १४५ वर असल्याने तिथला सरक तीन किलोहर्ट्झच्या आसपासच असतो, एफएममध्ये तो सोडून दिला तरी चालतं.

आज सर्वात जास्त शिकवलं मनगटाने. दिशा चुकण्याची मला धास्ती होती, पण या यागीचा झोत पन्नासेक अंश रुंद आहे. वीसेक अंश इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही, आणि डोक्यावर असतानाही उपग्रह सेकंदाला पाऊण अंशाहून कमी सरकतो. आवाज बुडतो तो पोलरायझेशनमुळे. उपग्रह गिरक्या घेतो, आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) लहरींचं प्रतल फिरवतो. आवाज विरायला लागला की बूम स्वतःभोवती पाव गिरकी फिरवायची, किल्ली फिरवतात तशी, आणि आवाज पुन्हा वर येतो. पूर्ण पासमध्ये मी तसं सात वेळा केलं, रेकॉर्डिंगमध्ये सातही वेळा ऐकू येतं.

हे कळल्यावर निवडीची कसोटीच बदलली. गेनचा आकडा कुणाचाही एक-दीड डीबीने इकडेतिकडे असेल. जी अँटेना तेरा मिनिटं मनगटावर फिरवता येत नाही तिचा गेन त्या तेरा मिनिटांत कामाला येत नाही.

१९ नोव्हेंबर

२ मीटरचे तीन एलिमेंट जोडले. आधी उत्सुकतेपोटी दोन्ही बँड एकाच प्रतलात बसवून पाहिले. ७० सेंमीचा एसडब्ल्यूआर १.३ वरून २.८ वर गेला. कारण सोपं आहे: १४५ ची तिप्पट ४३५. २ मीटरचा एलिमेंट ४३५ वर दीड तरंगलांबीचा होतो आणि तिथेही तो गुणगुणतो, शेजाऱ्याला त्रास देतो. काटकोनात फिरवला तेव्हा रेघ जवळपास जागेवर आली.

काटकोनात बसवल्याने पाठवण्याचं आणि ऐकण्याचं पोलरायझेशन वेगळं होतं. पण ५ तारखेचा बावीस डीबीचा हिशेब इथे कामाला येतो. मनगट ऐकण्यासाठी फिरवायचं, अपलिंक आपलं निभावून नेतो.

मीटरभर लांबीच्या तीन सळ्या मात्र पिशवीत मावत नाहीत. त्या जागी पोलादी मोजपट्टीची पाती लावायचं ठरवलं, बूमला समांतर दुमडता येतील अशी. पात्यावरचा रंग कानशीने खरवडून धातू उघडा केल्याशिवाय सोल्डर धरत नाही. अर्धा तास त्यात गेला.

२२ नोव्हेंबर

तिपटीची दुसरी बाजू आज भेटली. बोलायचं बटण दाबलं की ऐकण्याच्या हँडीत सिग्नल गायब, सोडलं की परत. म्हणजे मी बोलत असताना माझा स्वतःचा आवाज उपग्रहातून परत येतोय का हेच कळत नव्हतं, आणि उपग्रहावर काम करताना तेच तर कळायला हवं. ते नसेल तर दुसऱ्याच्या बोलण्यावर आपण चढतोय हेही समजत नाही.

दोन कारणं एकत्र आहेत. १४५.८५० चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेला निसटणारा अंश) ४३७.५५० वर पडतो, डाउनलिंकपासून पाऊण मेगाहर्ट्झवर. आणि अर्ध्या मीटरवरून येणारे पाच वॉट ऐकणाऱ्या हँडीचा पुढचा टप्पाच दाबून टाकतात. मधे दोन डुप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणाऱ्या गाळण्या) घातले, पण एका केबलवर दोन बँड आणायच्या नेहमीच्या कामासाठी नाही. पाठवणाऱ्या हँडीच्या वाटेत एकाची लो-पास (खालची वारंवारता जाऊ देणारी) बाजू, आणि ऐकणाऱ्याच्या वाटेत दुसऱ्याची हाय-पास (वरची जाऊ देणारी) बाजू, उरलेल्या तोंडांवर ५० ओहमचे टर्मिनेशन (शक्ती जिरवणारे रोध). पहिल्याने हार्मोनिक अडतो, दुसऱ्याने मूळ सिग्नल.

शिवाय पाठवण्याची शक्ती ५ वरून २ वॉटवर आणली. बावीस डीबी गाठीशी असताना पाचाचा आग्रह कशाला?

आज पहिल्यांदा माझा आवाज उपग्रहातून ऐकला, किंचित उशिरा, किंचित नाकातून आल्यासारखा. दादाने हेडफोनची एक बाजू कानाला लावली आणि म्हणाला, "अगं, ही तूच!"

२५ नोव्हेंबर

हाताचा प्रश्न. अँटेना ८०० ग्रॅम भरली. हे काही फार नाही, पण मूठ अगदी मागे होती आणि गुरुत्वमध्य मुठीच्या पुढे ४० सेंमीवर. नवव्या मिनिटाला दंड थरथरायला लागला, टोक खाली झुकलं, आणि उपग्रह मावळतीकडे असताना, जेव्हा गेनची सर्वात जास्त गरज असते, तेव्हाच मी त्याच्या खाली रोखत होते. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या चार मिनिटांत ते स्पष्ट कळतं.

मूठ पुढे, एलिमेंट्सच्या मधे घेतली तर तोल साधतो, पण हात एलिमेंटजवळ आला की ट्यूनिंग बिघडतं; व्हीएनएवर पाहिलं, दरी चार मेगाहर्ट्झ सरकली. मग मूठ रिफ्लेक्टरच्या लगेच मागे आणली, बूम तिच्याही मागे तीस सेंमी वाढवला आणि त्या शेपटाला ४५० ग्रॅमची बॅटरी बांधली. रिफ्लेक्टरच्या मागे काय आहे याची अँटेनाला फारशी फिकीर नसते. एकूण वजन सव्वा किलो झालं, पण गुरुत्वमध्य मुठीपासून ७ सेंमीवर आला. वजन वाढलं आणि अँटेना हलकी झाली, दुसऱ्या शब्दांत सांगताच येत नाही. शेपूट कोपराखाली टेकतं आणि मनगट मोकळं राहतं.

२६ नोव्हेंबर

मूठ बदलल्यावर केबलही आखूड करता आली. आधीची तीन मीटरची बारीक आरजी-१७४ एकटीच दोन डीबीच्या आसपास खात होती. आता सव्वा मीटर आरजी-५८, तोटा अर्धा डीबीसुद्धा नाही. एखादा डायरेक्टर वाढवून जेवढं मिळालं असतं तेवढं केबल कापून मिळालं.

२ डिसेंबर

ओळखीच्या एका हॅमकडून पाच एलिमेंटची लॉग-पीरिऑडिक आठवड्यासाठी मिळाली. एकाच पासमध्ये आलटून पालटून दोन्ही वापरल्या, दर मिनिटाला अदलाबदल.

तिचं जोडकाम माझ्यापेक्षा झटपट, एकच केबल, आणि दोन्ही बँड एकाच प्रतलात असल्याने मनगट फिरवलं की पाठवणं-ऐकणं एकत्र फिरतं. ज्याच्याकडे एकच दोन-बँडची हँडी आहे त्याने डोळे झाकून हीच घ्यावी. मी दोन हँडी वापरते, तिथे एका केबलवरून दोघांना वेगळं करायचं सगळं ओझं डुप्लेक्सरवर पडतं, आणि बोलताना ऐकू येणं पुन्हा कमजोर झालं. शिवाय ७० सेंमीवर खालच्या कोनात माझी यागी सरस ठरली: मावळताना लॉग-पीरिऑडिकवर ११ अंशांना सिग्नल सुटला, यागीवर ६ अंशांपर्यंत टिकला. एका पासवरून निर्णय नको म्हणून चार पास केले. फरक दर वेळी त्याच दिशेने, कमी-जास्त.

३ डिसेंबर

वाऱ्यात पोलादी पाती फडफडली, २ मीटरचा एसडब्ल्यूआर डुलत होता. मात्र ऐकण्याचे एलिमेंट सळ्यांचे आहेत, ते ठाम. हीच विभागणी कायम ठेवते: ऐकायला सळ्या, पाठवायला पाती.

लाकडी पट्टीला वॉर्निशचे दोन हात दिले. ओल शोषलेलं लाकूड ट्यूनिंग खाली ओढतं.

९ डिसेंबर

आज आरएस-४४ हा उपग्रह, एसएसबीवर (एफएमपेक्षा कमी जागा घेणारी बोलण्याची पद्धत). एफएमच्या उपग्रहात एका वेळी एकच जण बोलतो, इथे लिनियर ट्रान्सपाँडर आहे, साठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक संभाषणं एकत्र चालतात. अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५, डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०, उलटं: एलएसबीने (एसएसबीच्या खालच्या बाजूने) पाठवलं की यूएसबीने (वरच्या बाजूने) परत येतं. पाठवायला ऑल-मोड रेडिओ, ऐकायला एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रेडिओ).

उपग्रह उंच असल्याने पास वीस मिनिटांच्या आसपास चालतो, पण दोन्ही हात डायलवर हवेत. अँटेना कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर लावली. दिशा छान सांभाळली गेली, पण तिकाटण्याचं डोकं वर-खाली आणि आजूबाजूला वळतं, बूम स्वतःभोवती फिरवू देत नाही. सिग्नल बुडाला की डायल सोडून धावावं लागलं. शेवटी बूम आणि तिकाटण्याच्या मधे प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा घातला, बूम त्यात सैलसर फिरतो. आता एका बोटाने शेपूट ढकललं की पुरे.

४३५.६०५ च्या बीकनशी (उपग्रहाच्या स्वतःच्या खुणेच्या सिग्नलशी) माझा परत आलेला सिग्नल ताडून पाहिला. तो बीकनपेक्षा मोठा असेल तर आपण इतरांच्या वाट्याची शक्ती खातोय, कारण ट्रान्सपाँडरची शक्ती सगळ्यांत वाटली जाते. तीन वॉटवर माझा सिग्नल बीकनच्या थोडा खाली राहिला, तिथेच थांबले. चांगली अँटेना हाती आली की शक्ती कमी करत जाणं ही सोबत्यांची कदर आहे, असं मला मनापासून वाटतं.

१६ डिसेंबर

निर्णय वहीत पक्का: काटकोनातली यागी, सहा सळ्या ७० सेंमीला, तीन पाती २ मीटरला, मूठ रिफ्लेक्टरमागे, शेपटाला बॅटरी. लॉग-पीरिऑडिक पुसून, केबल गुंडाळून मालकाला परत दिली.

घड्याळ लावून जोडणी केली. पिशवीची चेन उघडल्यापासून हेडफोनमध्ये खरखर ऐकू येईपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. सळ्यांची टोकं दोन रंगांत रंगवली आहेत, लांबीने ओळखायला संध्याकाळच्या उजेडात वेळ जातो.

एसओ-५० च्या पासमध्ये चार संपर्क झाले. सुरुवातीला उपग्रह गप्प होता. त्याचा दहा मिनिटांचा टायमर संपला होता, ७४.४ हर्ट्झचा टोन दोन सेकंद पाठवून तो जागा केला. आज दादा आला नव्हता. अंश बघायला फोन बॅटरीच्या वर रबराने बांधला होता, आणि पहिल्यांदाच सगळं एकटीने केलं.

१७ डिसेंबर

पुढचं काम एओ-७ हा जुना उपग्रह. नोव्हेंबर १९७४ मध्ये सुटला, १९८१ मध्ये बॅटरी गेल्याने बंद पडला, आणि २००२ मध्ये पुन्हा ऐकू आला. आता फक्त सौर पॅनेलवर चालतो, सावलीत गेला की झोपतो. त्याच्या मोड बीमध्ये सगळं उलटं होणार: पाठवायचं ४३२ वर, सळ्यांनी, आणि ऐकायचं १४५.९५० च्या आसपास, पात्यांनी. डुप्लेक्सरच्या बाजूही अदलाबदल कराव्या लागतील. फडफडणाऱ्या पात्यांवर एसएसबी ऐकणं जमतं का हे पाहायचंय, नाहीतर २ मीटरसाठीही घडीच्या सळ्या कराव्या लागतील. पास सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी, उगवतीच्या बाजूने, उपग्रहावर ऊन असताना. पाती आत्ताच सरळ करून ठेवली आहेत.